विलायती पाण्याचा जोर

१८८५ साली छापून आलेला एक किस्सा आहे. नाइटन नावाचे इंग्रज साहेब गंगाप्रसाद नावाच्या माणसाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगत होते. सूर नेहमीचाच. आम्हा इंग्रजांकडे बघा, घरदार सोडून हजारो मैलांवर येतो, पण हूं की चूं करत नाही. गंगाप्रसादने साहेबांचं म्हणणं मान्य केलं आणि कारणही सांगितलं. खुदावंद, तुम्ही लोक विलायती पाणी पिता, त्याच्याच जोरावर तुम्हाला एवढे कष्ट नि दुःखं सोसवतात.

विलायती पाणी म्हणजे सोडावॉटर. यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली निघाला, त्यात ‘बिलायती पानी’ या नोंदीखाली हा संवाद दिलेला आहे. त्याला नाइटनसाहेबांचा खुलासाही जोडलाय. बाटलीचं बूच धाडकन उडवणारी ताकद पिणाऱ्याच्या अंगात उतरते, अशी या गृहस्थांची समजूत होती. वाचणाऱ्या साहेबलोकांची करमणूक व्हावी, हा हेतू उघड आहे. बिचारा नेटिव्ह, त्याला काय कळतंय!

गंमत अशी, की हीच समजूत त्याच्या शंभर वर्षं आधी खुद्द इंग्लंडात थोरामोठ्यांची होती. तिच्यापायी आरमाराने जहाजांवर यंत्रं चढवली, डॉक्टरांनी पुस्तकं लिहिली, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने एका धर्मोपदेशकाला सोन्याचं पदक दिलं. पाणी फसफसतं म्हणजे त्यात जीव आहे, आणि तो जीव प्यायला की आपल्यात येतो. गंगाप्रसादने यापेक्षा वेगळं काय म्हटलं होतं?

युरोपात ही कल्पना झऱ्यांपासून आली. बेल्जियममधलं स्पा, जर्मनीतली पिर्मोंट आणि सेल्टर्स ही गावं अशा झऱ्यांसाठी प्रसिद्ध होती. तिथलं पाणी जमिनीतून वर येतं तेच बुडबुडत. हात घालावा तर गार, डोळ्यांना मात्र आधण आल्यासारखं दिसतं. इंग्रजीतला ‘इफर्व्हेसन्स’ हा शब्द लॅटिनमधल्या उकळण्याच्या धातूवरूनच आला आहे. रसायन करणाऱ्यांनी तो आधी आम्ल आणि खार एकत्र आल्यावर येणाऱ्या फेसासाठी वापरला, माणसाच्या उल्हासाला तो पुढे चिकटला. आपल्याकडे फसफस हा शब्द निव्वळ आवाजातून आलेला. त्यात उकळीही नाही आणि उल्हासही नाही. म्हणून आपण दारू फसफसते म्हणतो, पीठ फसफसलं म्हणतो, पण कुणा माणसाला कौतुकाने फसफसता म्हणत नाही.

तर या झऱ्यांचं पाणी पोटाच्या, मूत्रपिंडाच्या, झालंच तर मनाच्या दुखण्यावर गुणकारी मानलं जाई. श्रीमंत लोक गाड्या जोडून तिथे जात. ज्यांना जमत नसे त्यांच्यासाठी मातीच्या बरण्या भरून पाणी देशोदेशी जाई. पण लंडनला पोचेपर्यंत बरणीतला फेस मेलेला असे. चव बेचव. क्षार होते तिथेच असत, तरी पिणाऱ्याला वाटे की मुख्य गुण उडून गेला. डॉक्टरही तसंच म्हणू लागले. पाण्यातला जो ‘आत्मा’ निसटतो, औषध त्यातच आहे.

हा आत्मा कोण, हे शोधायचा पहिला मोठा प्रयत्न ब्रसेल्सच्या यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट याने केला. तो १५८० मध्ये जन्मला नि १६४४ मध्ये वारला. माणूस अर्धा रसायनज्ञ, अर्धा गूढवादी. धर्मपीठाच्या चौकशीत सापडून काही काळ नजरकैदेतही राहिला. त्याने ६२ पौंड कोळसा जाळला, तर राख उरली एक पौंड. बाकीचे ६१ पौंड कुठे गेले? ते एका अदृश्य, भांड्यात न मावणाऱ्या द्रव्यात गेले, असं त्याने ठरवलं, आणि ग्रीक ‘केऑस’वरून त्या द्रव्याला ‘गॅस’ म्हटलं. आज आपल्या स्वयंपाकघरात दिवसातून दहा वेळा उच्चारला जाणारा शब्द असा एका माणसाने बसून घडवलेला आहे. कोळशाच्या धुरातला, आंबणाऱ्या द्राक्षरसातला आणि स्पाच्या झऱ्यातला गॅस एकच, हेही त्याने ओळखलं.

आणखी एक ठिकाण त्याने याच यादीत घातलं, ते नेपल्सजवळच्या ‘कुत्र्याच्या गुहे’चं. या गुहेच्या तळाशी हाच वायू जेमतेम गुडघाभर साचून असतो. माणूस उभा राहिला तर त्याला काही होत नाही. वाटाडे पाहुण्यांना चमत्कार म्हणून दाखवायचे, तो असा: सोबत आणलेलं कुत्रं जमिनीलगत धरायचं, ते तडफडून बेशुद्ध पडलं की उचलून जवळच्या तळ्यात टाकायचं, शुद्धीवर आलं तर ठीक. युरोपभरचे सुशिक्षित प्रवासी पैसे देऊन हा खेळ पाहत. म्हणजे कुत्र्याचा श्वास कोंडणारा वायू आणि स्पाच्या पाण्यातला संजीवक आत्मा ही एकच चीज निघाली. या विसंगतीने कुणाची झोप उडाल्याचं दिसत नाही.

पुढे १७५६ मध्ये स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने मॅग्नेशियाचे क्षार तापवून, आम्लात विरघळवून, वजनं करकरून दाखवलं, की हा वायू घन पदार्थात बांधलेला असतो आणि तिथून सोडवता येतो. त्याने नाव दिलं ‘स्थिर हवा’. आपण आता कार्बन डायऑक्साइड म्हणतो.

इथे गोष्टीत जोसेफ प्रीस्टली येतो, आणि त्याच्यापाशी जरा रेंगाळायला हवं.

१७६७ च्या सप्टेंबरात प्रीस्टली लीड्स शहरात मिल हिल चॅपेलचा धर्मोपदेशक म्हणून आला. पंथ युनिटेरियन, म्हणजे ईश्वर एकच, त्रैक्य बित्रैक्य नाही, असं मानणारा. अधिकृत इंग्लिश चर्चच्या लेखी ही मंडळी जवळजवळ पाखंडीच. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं त्यांना बंद, म्हणून त्यांनी आपल्या अकादमी काढल्या. अशाच वॉरिंग्टन अकादमीत प्रीस्टलीने आधी सहा वर्षं शिकवलं होतं. त्या अकादमीचा वारसा पुढे मँचेस्टरच्या आणि अखेर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजकडे गेला. प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात युनिटेरियनांच्या मदतीने जिथे धर्माचा तौलनिक अभ्यास करायला गेले, तेच हे कॉलेज. महर्षी शिंद्यांची आणि सोडावॉटरच्या जनकाची गुरुपरंपरा अशी एका ओळीत येते, हे मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

लीड्समध्ये प्रीस्टलीला आधी राहायला घर मिळालं ते मेडो लेनमध्ये, जेक्स आणि नेल यांच्या बिअरच्या भट्टीला लागून. दुसरा एखादा धर्मोपदेशक त्या वासाने वैतागला असता. हा रोज भट्टीत जाऊ लागला. बिअर आंबत असलेल्या मोठमोठ्या पिंपांवर नऊ इंच ते फूटभर जाडीचा स्थिर हवेचा थर तरंगत असतो, हे त्याने पाहिलं. पेटती काडी त्यात नेली की विझते. विझल्यावर तिचा धूर मात्र वर न जाता त्या थरातच अडकतो, आणि मग न दिसणाऱ्या हवेचा पृष्ठभाग डोळ्यांना दिसू लागतो. वरून सपाट, खालून लोंबता. हात हलवला की त्यावर लाटा उठतात. भट्टीतले कामगार या पाद्र्याबद्दल आपसांत काय बोलत असतील!

मग त्याला सुचलं, हे पाण्यात घालून पाहू. पद्धत इतकी साधी की त्याआधी कुणी केली नाही याचं नवल वाटावं. दोन भांडी घेतली, एकात पाणी. पिंपावरच्या थरात हात घालून ती धरली आणि पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहिला. दोन-तीन मिनिटांत पाण्याला चरचरीत, हलकी आंबूस चव आली. पिर्मोंटच्या पाण्याहून ते ओळखू येऊ नये, इतकी. मित्रांना पाजलं, कसं करायचं ते दाखवलं, आणि स्वारी दुसऱ्या उद्योगाला लागली. पेटंट नाही, दुकान नाही. अशी बरीच कामं त्याने वाऱ्यावर सोडली.

तो परत या पाण्याकडे वळला तो पाच वर्षांनी, आणि तेही एका जेवणावळीमुळे. नॉर्थम्बर्लंडच्या ड्यूककडे तो पाहुणा होता. तिथे डॉक्टर आयर्व्हिंगने समुद्राच्या पाण्यापासून ऊर्ध्वपातनाने काढलेल्या गोड्या पाण्याची बाटली फिरवण्यात आली. आरमारासाठी मोठा शोध. सगळ्यांनी घोट घेतला. पाणी स्वच्छ होतं, पण मेलेलं. ताज्या झऱ्याच्या पाण्यात जो टवटवीतपणा असतो, तो त्यात नव्हता. प्रीस्टलीच्या मनात आलं, तो टवटवीतपणा घालणं तर माझ्या हातचा मळ आहे.

नुसती चव सुधारायची एवढंच असतं तर आरमाराने लक्षही दिलं नसतं. पण त्या दिवसांत लांबच्या सफरीवर खलाशी स्कर्व्हीने मरत होते. हिरड्या सुजायच्या, दात पडायचे, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. डब्लिनच्या डेव्हिड मॅकब्राइडने १७६४ मध्ये सिद्धांत मांडला होता, की हे शरीराचं सडणं आहे, आणि शरीराला बांधून ठेवणारी स्थिर हवा निघून गेल्यामुळे ते होतं. मग उपाय उघडच. गेलेली हवा पाण्यातून परत द्या. गंगाप्रसादच्या तर्कात आणि या तर्कात फरक एवढाच, की हा छापील होता.

प्रीस्टलीने लॉर्ड सँडविचना लिहिलं. हे तेव्हाचे आरमारप्रमुख, आणि हो, खायचं सँडविच त्यांच्याच नावाचं. डॉक्टरांच्या मंडळाने होकार दिला. १७७२ मध्ये प्रीस्टलीची छोटी पुस्तिका निघाली, किंमत एक शिलिंग. आता भट्टीची गरज नव्हती. खडूच्या चुऱ्यावर गंधकाम्ल ओतायचं, निघणारा वायू जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत धरायचा, आणि तिथून पाण्याने भरून उपड्या ठेवलेल्या बाटलीत दाबायचा. पुढे डॉक्टर नूथ यांनी तक्रार केली, की या पाण्याला मूत्राशयाचा वास येतो. त्यांनी काचेचं देखणं तीनमजली उपकरण काढलं आणि ते दिवाणखान्यांत मिरवू लागलं.

त्याच १७७२ च्या जुलैमध्ये कॅप्टन कुकची ‘रिझोल्यूशन’ आणि ‘अ‍ॅडव्हेंचर’ ही जहाजं दुसऱ्या सफरीवर निघाली, ती प्रीस्टलीची कृती घेऊनच. खुद्द प्रीस्टलीही खगोलज्ञ म्हणून त्या सफरीवर जाणार होता. जोसेफ बँक्सने त्याला विचारलं होतं, घरी तयारीही चालू झाली होती. पण त्याच्या धर्ममतांमुळे नियुक्ती अडली. तारे बघायला त्रैक्यावर श्रद्धा लागते, असं तेव्हाच्या अधिकाऱ्यांना वाटत असावं.

स्कर्व्हीचं काय झालं? सोड्याने काहीही झालं नाही. होण्यासारखंही नव्हतं. १७४७ मध्येच जेम्स लिंडने संत्री-लिंबं देऊन खलाशी बरे केले होते, पण ते फळ कसं काम करतं हे सांगता येत नव्हतं, आणि स्थिर हवेचा सिद्धांत ऐकायला फार भारदस्त होता. ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस नियमाने द्यायला १७९५ उजाडलं. तोवर, १७७३ मध्ये, प्रीस्टलीला हवांवरच्या संशोधनासाठी रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळून गेलं होतं. ऑक्सिजनचा प्रयोग त्याने पुढच्या वर्षी केला. १७९१ मध्ये फ्रेंच क्रांतीची बाजू घेतो म्हणून बर्मिंगहॅमच्या जमावाने त्याचं घर, ग्रंथ, उपकरणं सगळं जाळलं. तो अमेरिकेत गेला आणि तिथेच १८०४ मध्ये वारला. सोडावॉटरची एक पैही त्याने घेतली नाही.

पैसा दुसऱ्यांनी केला. मँचेस्टरचा औषधविक्या टॉमस हेन्री कृत्रिम खनिज पाणी बनवून विकू लागला. त्याचा मुलगा विल्यम या वायूंच्या वातावरणातच वाढला आणि त्याने १८०३ मध्ये नियम मांडला, की पाण्यात वायू किती विरघळणार हे त्यावरच्या दाबावर ठरतं. शाळेत हेन्रीचा नियम म्हणून पाठ करतो तो हाच. बूच उघडताच फेस का उसळतो याचं उत्तर त्यात आहे. दाब गेला की पाण्याला तेवढा वायू धरून ठेवता येत नाही, एवढंच.

जिनिव्हात याकोब श्वेप हा दागिने-घड्याळांच्या धंद्यातला कारागीर होता. जन्म १७४० चा, जर्मनीतल्या विट्झेनहाउसेनचा. त्याने १७८३ च्या सुमारास दाबपंप लावून पाण्यात वायू कोंबायची पद्धत बसवली. आधी म्हणे तो डॉक्टरांमार्फत गरिबांना पाणी फुकट देई. १७९२ मध्ये भागीदारांनी त्याला लंडनला धाडलं आणि त्याने ड्रुरी लेनमध्ये कारखाना टाकला. १७९४ मध्ये कारखानदार मॅथ्यू बोल्टनने इरॅस्मस डार्विनला, म्हणजे चार्ल्सच्या आजोबांना, या पाण्याची माहिती लिहून कळवली आहे. तीन प्रतीचं पाणी मिळे. पहिलं रोजच्या जेवणाबरोबर, दुसरं मूत्रपिंडाच्या रोग्यांना, तिसरं त्याहून वाईट अवस्था झालेल्यांना. प्रत चढेल तसा क्षार जास्त. हा क्षार म्हणजे सोडा, आणि म्हणूनच या पाण्याचं नाव सोडावॉटर. पुढे औषधीपणा गळून पडला, बऱ्याच बाटल्यांतून क्षारही गेला, नाव राहिलं.

१८५१ मध्ये लंडनला जगातलं पहिलं मोठं आंतरराष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरलं. तिथे दारूला बंदी होती. पेयांचा मक्ता पाच हजार पौंड मोजून श्वेप्स कंपनीने घेतला आणि दहा लाखांवर बाटल्या खपवल्या. तिथपासून हे औषध उरलं नाही, जत्रेतलं पेय झालं.

पण सोड्यातल्या ‘जिवा’वरचा विश्वास एवढ्यात सुटला नाही. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या हापशाच्या पाण्याने पटकी पसरली. डॉक्टर जॉन स्नोने घराघरांत फिरून ते शोधून काढलं. त्याच्या अहवालात एक छोटी नोंद आहे: आसपासच्या दुकानांत त्याच हापशाचं पाणी चमचाभर फसफसणारी पूड घालून ‘शर्बत’ म्हणून विकलं जाई. आपला सरबत हा शब्द अरबी-फारसीतून आला, तोच तिकडे जाऊन फेसाची पूड झाला होता. उन्हाळ्याचे दिवस होते. मुलं पैसे देऊन ती पटकी प्यायली असणार.

हिंदुस्थानात हे पाणी सुरुवातीला जहाजानेच येई. बाटल्या अंड्यासारख्या, बुडाला गोल. त्या उभ्या ठेवताच येऊ नयेत हाच हेतू होता. बाटली उभी राहिली की बूच सुकतं, आकसतं आणि वायू पसार होतो. आडवी राहिली की बूच ओलं राहतं. साहेबाच्या बंगल्यावर या बाटल्या गार करायला खास नोकर असे, आबदार. सोरा पाण्यात विरघळताना पाणी थंड पडतं. त्या गार पाण्यात बाटली फिरवत बसणं हे त्याचं काम. वैशाखात दुपारभर.

मग बर्फ आला, तोही थेट अमेरिकेहून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात गुंडाळून १८३३ मध्ये कलकत्त्याला पाठवला. पुढच्या वर्षी तो मुंबईत उतरला. जमशेटजी जिजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं. यजमान आणि पाहुण्यांना सर्दी झाली, आणि ‘मुंबई समाचार’ने ती बातमी मोठ्या चवीने दिली. परदेशी चीज खाल्ली की असंच व्हायचं!

मुंबई-पुण्यात सोड्याचे कारखाने काढले ते मुख्यतः पारशी आणि इराणी मंडळींनी. बाटलीवर १८६५ साल मिरवणारी पालनजी कंपनी, पुण्याच्या कॅम्पात १८८४ मध्ये सुरू झालेली अर्देशीर, मुंबईत १८८९ मध्ये दिनशॉजी पांडोळे यांनी काढलेली ड्यूक्स. गोऱ्या पलटणी, जहाजं, क्लब, रेल्वे ही गिऱ्हाइकं होती, आणि त्यांच्याशी पारशांची देवघेव जुनी. शिवाय सोवळ्याओवळ्याचा जाच त्यांना आड येत नव्हता. स्टेशनवर हिंदू पाणी, मुसलमान पाणी अशी वेगवेगळी पिंपं असण्याच्या त्या काळात कुणी भरलेलं पाणी कोण पितो हा साधा प्रश्न नव्हता. धंद्यावरून आडनावं पडायची पारशांत रीतच. बाटलीवाला आणि सोडावॉटरवाला ही खरीखुरी आडनावं आहेत. सोडाबॉटलओपनरवाला हे गमतीने सांगितलं जातं. रासबरी, जिंजर, लेमन हे प्रकार इराणी हॉटेलांतून आणि पारशी लग्नांतून मराठी माणसापर्यंत आले. लिंबू पिळणं आणि मसाला घालणं ही भर आपली. जड जेवणावर सोडा प्यायचा, मोठा ढेकर आला की जेवण जिरलं असं समजायचं, ही तर आपल्याकडची घट्ट श्रद्धा. प्रत्यक्षात ढेकरातून बाहेर पडतो तो बहुतेक सोड्यातलाच वायू. जेवण आपलं जागेवर असतं.

या सगळ्या प्रकारांत मराठी मनात रुतून बसली ती गोटीची बाटली. तिचा कर्ता हायरम कॉड, इंग्लंडातल्या बेरी सेंट एडमंड्स इथे १८३८ मध्ये जन्मलेला. बुचं विकताना त्याला बुचांचा कंटाळा आला असावा. १८७० पासून त्याने पेटंटं घेतली आणि १८७२ पर्यंत बाटली पक्की केली. जाड हिरवट काच, मानेला चिमटा काढल्यासारखे खळगे, तोंडाच्या आत रबराचं कडं आणि मानेत कायमची कोंडलेली काचेची गोटी. बूच नाही, तार नाही, लाखही नाही. भरताना बाटली उलटी करायची. गोटी आपल्या वजनाने तोंडाकडे येते, आतल्या वायूचा दाब तिला रबरावर घट्ट बसवतो, मग बाटली सुलटी केली तरी ती हलत नाही. म्हणजे जो वायू पळून जायला बघतो, दार लावायचं काम त्यालाच दिलं. या कल्पनेला दाद दिलीच पाहिजे.

आपल्याकडची भरायची यंत्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना ती लोखंडी पेटी आठवेल. दोन-तीन बाटल्या आत अडकवायच्या, शेजारच्या सिलिंडरची नळी सोडायची, आणि मोठं चाक हाताने गरगर फिरवायचं. बाटल्या उलट्यासुलट्या होतात, पाणी आणि वायू घुसळले जातात. पेटीला झाकण असतं, कारण एखादी बाटली आतच फुटते. इंग्लंडातल्या कारखान्यांत भरणारे कामगार तोंडावर जाळी बांधून उभे राहत. आणि फोडताना गाडीवाला लाकडी ठोकणी तोंडावर ठेवतो, तळव्याचा एक दणका देतो. ठप्प! गोटी खाली खळग्यात पडते, धुरासारखी वाफ मानेतून वर येते. पिताना बाटली खळगे खालच्या अंगाला येतील अशी धरायची, म्हणजे गोटी तिथे अडकते. खळगे वर ठेवून धरली तर गोटी तोंडाशी येऊन पाणी बंद. नवखं गिऱ्हाईक लगेच ओळखू येतं.

हीच बाटली फुटते कशी, हे दंगलखोरांनाही लवकरच कळलं. दगड, विटा आणि सोडावॉटरच्या बाटल्या हे त्रिकूट आपल्या वर्तमानपत्रांच्या दंगलीच्या बातम्यांत इतकी वर्षं छापलं गेलंय, की खिळे जुळवणाऱ्याने ते जुळवूनच ठेवलं असेल. बाटली जोरात हलवून फेकली की आदळताच काचा चौफेर उडतात. जमाव दिसला की पोलीस आधी सोड्याच्या दुकानांच्या फळ्या लावायला सांगत. बूच उडवणारा जोर शेवटी असाही वापरला गेला.

आता राहिला प्रश्न, त्या घोटात नेमकं काय आहे? जिभेला चरचर होते ती बुडबुडे फुटल्यामुळे, असं कुणीही सांगेल. तसं नाही. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये लोकांना दाबाच्या बंद खोलीत बसवून सोडा पाजला. त्या दाबाला बुडबुडे उठतच नाहीत. तरी चरचर तेवढीच लागली. कारण असं, की तोंडातलं एक विकर या वायूचं झटकन आम्ल बनवतं, आणि ते आम्ल दुखणं ओळखणाऱ्या मज्जातंतूंना डिवचतं. हिमालयात उंच चढणारे लोक डायमॉक्सच्या गोळ्या घेतात, त्या हेच विकर बंद पाडतात. मग शिखरावर फोडलेली बिअर किंवा शॅम्पेन शिळ्या पाण्यासारखी लागते. फेस डोळ्यांसमोर असतो, जिभेला मजा नाही. म्हणजे ज्याला युरोपने पाण्यातला जीव म्हटलं, ती जिभेवरची बारीकशी वेदना आहे. आपण ती दाम मोजून विकत घेतो, वर तरतरी आली म्हणतो. आणि खरं सांगायचं तर येतेही.

कॉडची बाटली इंग्लंडात शेवटी मागे पडली. कॉड १८८७ मध्येच गेला. १८९२ मध्ये अमेरिकेत विल्यम पेंटरने पत्र्याचं दातेरी झाकण काढलं, स्वस्त, एकदा वापरून फेकायचं. शिवाय इंग्लंडातली पोरं गोट्यांसाठी बाटल्या फोडायची, ते वेगळंच. ‘कॉड्सवॉलप’ म्हणजे भंकस हा इंग्रजी शब्द कॉडच्या पाण्यावरून पडला असं तिकडे ठासून सांगतात. पण तो नोंदलेला सापडतो १९५९ मध्ये, कॉड जाऊन सत्तर वर्षं उलटल्यावर. ती व्युत्पत्तीच भंकस म्हणायची.

बाटली टिकली ती जपानात आणि आपल्याकडे. जपानात कोबे बंदरात १८८४ मध्ये सिम नावाच्या स्कॉटिश औषधविक्याने तिच्यात लेमोनेड विकलं. लेमोनेडचं जपानी तोंडी ‘रामुने’ झालं, आणि ते आजही तिथल्या उन्हाळी जत्रांत मिळतं. आपल्याकडे ती टिकण्याचं कारण साधं आहे. झाकण विकत घ्यावं लागत नाही. रबराचं कडं बदललं की बाटली पुन्हा तयार, वर्षानुवर्षं. बाटली परत केल्याशिवाय गिऱ्हाइकाला गाडीपासून हलू द्यायचं नाही, एवढं पाहिलं की धंदा चालतो.

ड्यूक्स १९९४ मध्ये पेप्सीने विकत घेतली. छोटे गोटीवाले त्याआधीच रंगीत प्लॅस्टिकच्या बाटल्यांपुढे हटत चालले होते. अलीकडे ते उपाहारगृहांच्या मेन्यूवर ‘जुन्या आठवणी’ म्हणून चौपट भावात परतले आहेत. २०२५ मध्ये तर केंद्र सरकारच्या अपेडा या निर्यात संस्थेने ‘गोली पॉप सोडा’ या नावाने आपली पारंपरिक गोटीची बाटली परदेशच्या बाजारात उतरवली. आखाती देशांतल्या दुकानांत ती गेली, आणि मार्चमध्ये लंडनच्या खाद्यपेय प्रदर्शनात अस्सल भारतीय पेय म्हणून मांडली गेली. विलायतेत आता हे हिंदुस्थानी पाणी.